काचेच्या पेटीचा तळ

सोलापूर-पुणे रस्त्यानं कधी गेला असाल, तर चिंचोळी एमआयडीसीची पाटी तुम्ही पाहिली असेल. पाटी पाहून कुणी तिथं उतरत नाही. उतरतात ते कामगार आणि ट्रकवाले. मी मात्र लग्नानंतर काही वर्षांनी सगळा संसार घेऊन तिथंच उतरले. हे एका टॉवेलच्या कारखान्यात रंगाई खात्यात आहेत. दिवसपाळी, रातपाळी, मध्येच कधी रंग बिघडला म्हणून बोलावणं. शेवटी कारखान्याच्या आवारातलीच दोन खोल्यांची जागा मिळाली आणि आम्ही तिथं राहायला गेलो.

माझं माहेर कोकणातलं. दारात विहीर, मागं ओढा, कुंपणाला काठी खोचली तरी तिला पालवी फुटायची. इथं दारात मुरूम, त्याखाली दगड. बोअरचं पाणी इतकं जड, की भांडी वाळली की पांढरी व्हायची. तुळस कशीबशी तग धरून होती. शेजार म्हणाल, तर एका बाजूला बॉयलरची चिमणी आणि दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण. दिवसभर मागांचा खडखडाट. माणसांच्या आवाजासाठी जीव तरसायचा.

२०१८ साली सासरे गेले आणि सासूबाई आमच्याकडे आल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, मीही तसंच म्हणते. आत्यांनी सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली पानं आणि शेजारी दहा-बारा जणी. त्यांचा सगळा जन्म त्या गल्लीत गेला. तिथून उचलून आम्ही त्यांना या मुरुमावर आणून बसवलं. त्या काही बोलायच्या नाहीत. दारात बसून हाताची बोटं एकमेकांवर फिरवत राहायच्या, जणू अजून विडी वळतायत. मला त्याचाही राग यायचा. वाटायचं, मी काय इथं सुखात आहे म्हणून यांची समजूत घालू?

अशातच २०१९ च्या जानेवारीत कारखान्यातल्या एका केबिनचं नूतनीकरण निघालं आणि तिथली माशांची काचेची पेटी अडगळीत आली. ह्यांनी विचारून ती घरी आणली. दोन फूट लांब, फूटभर रुंद, पंधरा इंच उंच. लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिनं नाचून घर डोक्यावर घेतलं. मलाही आनंद झाला. लहानपणी मुंबईला गेले असताना तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, तिथली ती हिरवी, हलणारी पाती माझ्या मनात घर करून होती. म्हटलं, दारात बाग होत नाही ना, मग घरात पाण्यातली बाग करू.

आणि मग मी केली घाई. कारखान्यामागच्या शेताच्या बांधावरून घमेलंभर काळी माती आणली आणि तशीच पेटीत ओतली, चांगली तीन इंच. त्यावर दुकानातून आणलेले लाल-निळे खडे, न धुता. आत्या दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, “अगं, माती निवड की आधी. भिजव, मुरू दे. एवढी घाई कशाला?”

मी घामाघूम झालेली, ह्यांच्या रातपाळीनं वैतागलेली. फटकन बोलून गेले, “आत्या, यातलं तुम्हाला काय कळतंय?”

त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या.

नळाला पाइप लावून पाणी सोडलं, झाडं खोचली आणि त्याच संध्याकाळी आठ मासे आणून सोडलेसुद्धा. पाणी झालं चहासारखं. दुसऱ्या दिवशी झाडं उपटून वर तरंगायला लागली. तिसऱ्या दिवशी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. पाचव्या दिवशी शेवटचा मासा गेला. लेक दोन दिवस धड जेवली नाही. “आई, तू त्यांना मारलंस,” एवढंच म्हणाली. आत्यांनी तिला जवळ घेतलं. मला मात्र “बघ, मी सांगितलं होतं,” असं त्या एका शब्दानंही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या असत्या, तर बरं झालं असतं.

पेटी रिकामी करून कोपऱ्यात ठेवली. तिच्यात छत्र्या आणि जुनी रद्दी जाऊन बसली. तो उन्हाळा तर पाण्याचा विचारही करवू नये असा होता. आदल्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेलेला. आजूबाजूच्या गावांत टँकर यायचे. कामावर येणाऱ्या बाया घागरीच्या रांगेत अर्धी रात्र काढून यायच्या. अशा वेळी माशांसाठी सत्तर लिटर पाणी भरायचं, हे माझ्याच मनाला पटेना.

पण मासे का मेले, हे कोडं काही सुटत नव्हतं. मग मी वाचायला लागले, ह्यांना विचारायला लागले. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी पगार आणि पाळी सोडून तिसऱ्या विषयावर बोलणं होत होतं.

माझी पहिली चूक अशी, की मी पेटीचा तळ म्हणजे नुसती शोभा समजले होते. खरं तर सगळा कारभार तळातून चालतो. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजलं, की पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. तळातल्या खड्यांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्तीला येतात, ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरंच सौम्य आणि झाडांना ते खत म्हणून चालतं. ही जिवाणूंची वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. मी तर चार तासही दिले नव्हते. त्यात कच्ची माती, तिच्यातला पालापाचोळा आणि शेणखत पाण्यात कुजू लागलं. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. मासे जगणार कसे?

डायना वॉलस्टॅड नावाच्या एका अमेरिकन बाईंनी १९९९ साली पाणवनस्पतींच्या पेट्यांवर पुस्तक लिहिलं. तळाला साधी माती, वर खड्यांचा थर आणि भरपूर झाडं, अशी त्यांची पद्धत. म्हणजे माती घालणं चूक नव्हतं, मी ज्या रीतीनं घातली ते चूक होतं. आत्यांनी दारात बसून जे एका वाक्यात सांगितलं होतं, तेच हे.

दुसरी गोष्ट ह्यांनी दाखवली. बांधावरची काळी माती आणि तिच्यातले पांढरे खडे बशीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाकलं. फसफसून बुडबुडे आले. “ही चुनखडी,” हे म्हणाले. “आपलं पाणी आधीच जड, त्यात हिनं आणखी जड होणार. हेच अ‍ॅसिड आम्ही कापडातला सोडा मारायला वापरतो.” मी म्हटलं, मग कारखान्यात रंगाईसाठी पाणी मऊ करून घेता, तेच पेटीला आणा की! त्यावर हे हसले. ते यंत्र पाण्यातला चुना काढून घेतं, पण त्याच्या बदली मिठातलं सोडियम देतं. कापडाला ते चालतं, झाडांना नाही.

आता चुना नसलेली माती आणायची कुठून? तर ती माझ्या माहेरीच होती! कोकणातली जांभ्याची तांबडी माती. तिच्यात चुना जवळजवळ नाही आणि लोह भरपूर. पाणवनस्पतींना लोह लागतंच. त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला, तो अर्धं पोतं माती घेऊन. “जगात कुणी बहिणीला ओवाळणीत माती घातली नसेल,” असं तो हसत म्हणाला. मी मात्र पोत्याचं तोंड सोडून वास घेतला आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी अंगणात परात घेऊन मी माती चाळायला बसले. पिठाची चाळण घेतली, ती लगेच तुंबली. मग रव्याची घेतली, तिच्यातून मुळ्या तशाच खाली. माझी ती धडपड आत्या दारातून पाहत होत्या. नऊ-दहा महिन्यांपूर्वीसारख्याच. मी मान वर केली नाही. तेवढ्यात त्या उठल्या, आत गेल्या आणि गाठोड्यातून त्यांचं जुनं सूप घेऊन आल्या.

“आण इकडं,” म्हणाल्या.

सूप मांडीवर घेतलं, त्यात ओंजळभर माती घातली आणि अशी काही पाखडली, की खडे एका कडेला, मुळ्या-काटक्या दुसऱ्या कडेला आणि मऊ माती मधोमध. बोटं झरझर फिरत होती. वर्षभर रिकामी असलेली ती बोटं. मी चाळणी हातात धरून नुसती पाहत राहिले. मग धीर करून म्हटलं, “आत्या, त्या वेळी मी बोलले ते...”

“चाळण हलव की,” त्या वर न बघता म्हणाल्या. “बोलत बसलीस तर रात्र होईल.”

आमच्यात त्या विषयावर झालेलं बोलणं ते एवढंच.

आता ज्या मैत्रिणींना अशी पेटी करायची असेल, त्यांच्यासाठी आम्ही काय केलं ते नीट सांगते.

आधी पेटीची जागा ठरवा. आमच्याएवढ्या पेटीत सत्तर लिटरच्या आसपास पाणी मावतं. माती, खडे, काच धरून वजन जातं नव्वद किलोच्या घरात. एकदा भरली की हलवायची नाही. म्हणून भक्कम, सपाट लोखंडी स्टँड घ्या आणि पेटीखाली थर्माकोलचा ताव घाला. खिडकीतलं ऊन थेट पडायला नको. उन्हानं काचेवर शेवाळ धरतं, पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. सोलापूरचा मे महिना तर तुम्हाला माहीतच आहे. जुनी पेटी असेल, तर अंगणात पाणी भरून एक रात्र ठेवा, गळते का बघा. ते पाणी मागून झाडांना घाला.

मातीत आम्ही पाच भागांना एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत मिसळलं. ताजं शेणखत अजिबात नको. मग माती बादलीत भिजवली, ढवळली, वर तरंगलेला कचरा काढला, वरचं पाणी कढीपत्त्याला घातलं आणि माती गोणपाटावर पसरून वाळवली. पुन्हा भिजवली, पुन्हा वाळवली. असं तीन वेळा, जवळजवळ दोन आठवडे. यानं मातीतला कच्चेपणा निघून जातो. मला पुन्हा घाई सुटली होती, पण आत्यांनी तिसरा हात झाल्याशिवाय मातीला शिवू दिलं नाही. विडीचं पानही असंच, म्हणाल्या. ओल नीट मुरली नाही, तर वळताना फाटतं.

वरच्या थरासाठी आवारातल्या बांधकामातली उरलेली नदीची जाड वाळू घेतली. दाणा किती मोठा हवा, यावर बराच खल झाला. अगदी बारीक वाळू दाबून बसते, मुळांना श्वास मिळत नाही. हरभऱ्याएवढे खडे घेतले, तर फटींतून खाली घाण जाते आणि माती वर येते. बरोबर माप म्हणजे ज्वारीच्या कण्या, दोन-तीन मिलिमीटर. तीही व्हिनेगर टाकून तपासा, फसफसली तर घेऊ नका. रंगवलेले खडे मात्र टाळाच.

किती लागेल, तेही सोपं आहे. लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा आणि हजारानं भागा, लिटर निघतात. आमची पेटी एकसष्ट बाय तीस, वाळूचा थर सरासरी साडेचार, म्हणजे सव्वाआठ लिटर. लिटरला साधारण दीड किलो धरा. बारा-तेरा किलो झाली.

वाळू धुणं हे खरं कष्टाचं काम. थोडी थोडी घेऊन तांदळासारखी धुवायची, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. साबण किंवा पावडर चुकूनही लावू नका. उन्हाळ्यातल्या रांगा डोळ्यांसमोर होत्याच, म्हणून आत्यांनी नियम घातला, की एक थेंब गटारात जाता कामा नये. पहिली गढूळ पाणी अंगणातल्या मुरुमावर सडा म्हणून, नंतरची तुळशीला आणि कढीपत्त्याला. अकरा हात झाले, तेव्हा कुठं परातीचं बूड दिसलं.

मग थर द्यायचे. ओलसर माती थालीपीठ थापतात तशी तळाला थापली, इंचभर, जास्त नाही. पुढच्या काचेपासून दोन बोटं जागा सोडली. तिथं नुसती वाळूच भरली, म्हणजे माती काचेतून दिसत नाही. मातीवर वाळू हलक्या हातानं पसरली, पुढं सव्वा इंचभर आणि मागं सव्वादोन. असा उतार दिला, की पेटी खोल दिसते आणि मागच्या उंच झाडांच्या मुळांना जागाही मिळते.

पाणी ओतताना वाळूवर स्टीलची ताटली ठेवा आणि तिच्यावर तांब्यानं, बारीक धारेनं ओता. पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून उघडं ठेवलेलं असावं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. आधी चार बोटं पाणी, मग झाडं लावायची आणि मग उरलेलं पाणी. मागं लांब पात्यांची व्हॅलिसनेरिया लावली, तिला जड पाणी चांगलं मानवतं. पुढं क्रिप्टोकोरीन. तिच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतच उगवतात, हे वाचून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पण आठवड्याभरात क्रिप्टोकोरीनची पानं विरघळून गेली! मी रडकुंडीला आले. आत्यांनी चष्मा लावून काचेतून खाली पाहिलं. “पानं गेली तर जाऊ दे. मुळं आहेत की शाबूत. जागा बदलली की असं होतंच. उपटू नको तेवढं.” मी उपटलं नाही. तीन आठवड्यांनी त्याच जागी लालसर कोंब वर आले.

मासे आणायचे नाहीत, असं घरात ठरलं होतं आणि सगळ्यांत कडक पहारा लेकीचा होता. रोज शाळेतून आली, की पाणी बघायची आणि कॅलेंडरवर फुली मारायची. पाचव्या आठवड्यात पाणी तपासायच्या संचानं अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवले, तेव्हा चारच गप्पी आणले. एकही मेला नाही.

पुढची निगा फारशी नाही. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं. ते काढलेलं पाणी झाडांना खतच, माझा कढीपत्ता त्यावरच वाढला. तळातून कधी कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर समजायचं, खाली हवा पोचत नाही. विणकामाची सुई घेऊन वाळूत हळूच इथंतिथं टोचायची. आणि एक लक्षात ठेवा. जास्तीची झाडं, गोगलगायी किंवा मासे ओढ्यात-तळ्यात नेऊन सोडू नका. तिथल्या मूळच्या जिवांना ते बाधतं. ज्याला हवं त्याला द्या, नाहीतर झाडं वाळवून खतात घाला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मागांचा खडखडाट थांबला. इतकी वर्षं ज्या आवाजाला मी कंटाळले होते, तो नसल्यावर जीव घाबरा झाला. हे घरात बसून. पगार किती येईल, येईल की नाही, काही सांगता येईना. हे दिवस दिवस बोलायचे नाहीत. त्या शांततेत पेटीच्या पंपाची बुडबुड पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आली. एके सकाळी उठून पाहते, तर हे आणि आत्या दोघंही पेटीसमोर पाट टाकून बसलेले, बोलत. हे लहान असताना आत्या यांना मांडीशी बसवून विड्यांचे कट्टे मोजायला लावायच्या, त्याची काही आठवण निघाली होती. मी चहा ठेवला आणि तो होईपर्यंत मुद्दाम बाहेर आले नाही.

पेटी आज सगळी हिरवी आहे. तळाची माती एकदाही बदललेली नाही. मागच्या आवारात नवीन बिऱ्हाड आलंय, त्या बाई परवा झाडांची पिल्लं मागायला आल्या होत्या. त्यांच्याकडेही पेटी आहे म्हणे, रविवारी मासे आणणार होत्या. मी म्हटलं, “झाडं आत्ता न्या हो, पण मासे पुढच्या महिन्यात आणा.”

आतून आत्यांचा आवाज आला, “आधी माती निवड म्हणावं तिला. सूप नसेल तर माझं ने म्हणावं.”